जुन्या गाडीचं ऑइल निवडताना आधी इंजिन ओळखा

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलचं मॅन्युअल उघडलं, तर ऑइलच्या पानावर साधारण असा मजकूर सापडतो: ‘एसएई २०डब्ल्यू-५०, एपीआय एसई किंवा एसएफ’. आता नवा डबा हातात घ्या. त्यावर एसएन, एसपी अशी अक्षरं दिसतात. ३१ मार्च २०२५ पासून तर एसक्यू नावाची आणखी एक श्रेणी आली आहे. शेजारी ‘जासो एमए२’ असतं, ‘फुल्ली सिंथेटिक’ असतं, मॅन्युअलमधलं एसएफ मात्र कुठेच नसतं. विचारायला जावं, तर जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो जुन्या इंजिनाला मिनरलच घाल. दुसरा म्हणतो गाडी धूर मारते ना, मग जाड ऑइल टाक. तिसरा कारचं भारी ऑइल सुचवतो.

यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो. ती गाडी तुमची आहे का, हे मात्र सल्ला देणाऱ्याने बघितलेलं नसतं. म्हणून डबा वाचायच्या आधी आपल्या इंजिनात ते ऑइल कुठे कुठे जातं आणि कशाकशाला भिजवतं हे समजून घेऊ. तेवढं कळलं, की डब्यावरच्या कोणत्या अक्षरांकडे बघायचं आणि कोणती सोडून द्यायची हे आपोआप ठरत जातं.

## ऑइल नेमकं कुठे जातं?

कारमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं असतं, गिअरबॉक्सचं वेगळं, आणि साध्या गिअरच्या कारमध्ये क्लच कोरडा असतो. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये या तिघांचा संसार एकाच चेंबरमध्ये चालतो. पिस्टन, कॅम आणि बेअरिंगला जे ऑइल लागतं, तेच गिअरच्या दातांमधून चिरडून निघतं आणि त्यातच क्लच प्लेटा बुडालेल्या असतात. अशा भिजलेल्या क्लचला वेट क्लच म्हणतात.

त्यामुळे एकाच द्रवाकडे तीन मागण्या येतात आणि त्या एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत. इंजिनाला घर्षण जितकं कमी तितकं बरं. क्लचचं सगळं काम घर्षणावर चालतं, त्यामुळे ते टिकायला हवं. गिअरला प्रचंड दाबाखाली न फाटणारा थर हवा. मोटारसायकलचं ऑइल वेगळं का असतं, याचं जवळजवळ सगळं उत्तर इथेच आहे.

पण जुन्या गाड्यांमध्ये याला अपवाद बरेच. कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, क्लच केस आणि गिअरबॉक्स यांची ऑइलं स्वतंत्र असतात. हार्लेच्या मोठ्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांतही तशीच विभागणी असते. बीएमडब्ल्यूच्या एअर-कूल्ड बॉक्सर गाड्यांचा क्लच कोरडा आणि गिअरबॉक्स अलग. उलट १९६९ साली आलेल्या होंडा सीबी७५० मध्ये ऑइलची टाकी बाहेर वेगळी दिसते, पण क्लच आणि गिअर त्याच ऑइलावर चालतात. टाकी वेगळी दिसली म्हणून ऑइलही वेगळं असेल, असं धरून चालू नका. ऑइल भरायची तोंडं आणि काढायचे बोल्ट मोजा, मॅन्युअलशी ताडून पाहा. पुढचं सगळं या एका माहितीवर अवलंबून आहे.

टू-स्ट्रोक गाड्यांचं गणित निराळंच. तिथे इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, म्हणून त्याची वेगळी जात असते आणि तिच्यावर जासो एफबी, एफसी किंवा एफडी असं लिहिलेलं असतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळू नये. त्यातली रसायनं जळून राख उरते आणि ती पिस्टनवर, प्लगवर साचते. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये मात्र स्वतंत्र ऑइल असतं आणि बहुधा क्लचही त्यातच भिजतो. तेव्हा क्लचबद्दल पुढे जे लिहिलं आहे, ते त्या गिअरबॉक्सला लागू होतं.

## २०डब्ल्यू-५० म्हणजे काय?

हे आकडे ऑइलचा घट्टपणा सांगतात. या घट्टपणाला व्हिस्कॉसिटी म्हणतात, आणि आकडे ठरवणारी संस्था एसएई. डब्ल्यू हे अक्षर विंटरचं, म्हणजे थंडीचं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो आणि नंतरचा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा सांगतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हे ऑइल थंडीत २० असतं आणि तापल्यावर घट्ट होऊन ५० होतं, असं अनेकांना वाटतं. कोणतंही ऑइल तापल्यावर पातळच होतं. २०डब्ल्यू-५० ऑइल ४० अंश सेल्सिअसला जितकं घट्ट असतं, त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. दोन आकड्यांची मोजपट्टी एक नाही, त्यामुळे घोळ होतो. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांना इंजिन फिरवताना किती विरोध होतो यावर होते, १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंशांवर ठरतो. तिथे ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्समध्ये बसायला हवं, ४० ग्रेडचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. सेंटीस्टोक्स हे घट्टपणा मोजायचं एकक आहे. ते विसरलात तरी चालेल. आकड्यांमधलं अंतर लक्षात ठेवा, कारण ३० आणि ५० यांच्यात जवळपास दुपटीचा फरक आहे.

मग जिथे पारा कधी शून्याखाली जात नाही, तिथे १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यूमध्ये काही फरक उरतो का? उरतो, फक्त तो किक मारण्याच्या त्रासात दिसत नाही. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू झाल्यावर ऑइलला पंपापासून निघून हेडमधल्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत चढायचं असतं. पहिला आकडा लहान असेल, तर ते लवकर पोचतं. तरीही उष्ण हवेत याला मी दुसरा क्रम देईन, कारण तिथे खरा कस तापलेल्या इंजिनात लागतो.

एअर-कूल्ड इंजिनाला थंड ठेवणारे दोघंच, वारा आणि ऑइल. गाडी गर्दीत अडकली की वारा थांबतो आणि सगळा भार ऑइलावर येतो. जुन्या इंजिनांतल्या भागांमधली फटही आजच्या इंजिनांपेक्षा बहुधा मोठी असते. त्या फटीत टिकून राहणारा थर हवा, म्हणून त्या काळच्या मॅन्युअलमध्ये ४० आणि ५० हे आकडे सारखे दिसतात. आजच्या कारमधली ०डब्ल्यू-२० सारखी पातळ ऑइलं वाईट नाहीत. ती अगदी कमी फटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी बनवली आहेत. जुन्या एअर-कूल्ड इंजिनात त्यांचं काम नाही.

मॅन्युअलमध्ये अनेकदा तापमानानुसार पट्ट्यांचा एक तक्ता असतो: अमुक हवामानाला अमुक ग्रेड. तो तक्ता पाळा. अवजड सामान घेऊन कडक उन्हात गाडी चालवायची असेल, तर तक्त्याने दिलेल्या पर्यायांपैकी मोठा दुसरा आकडा निवडावा.

## झिजलेल्या इंजिनाला जाड ऑइल घालावं का?

गाडी ऑइल खाते, निळसर धूर मारते, टॅपेट वाजतात, म्हणून ५० च्या जागी ६० घालायचा मोह होतो. एक पायरी वर गेल्याने धूर थोडा कमी होतो, आवाजही दबतो, हे खरं. पण आवाज दबला म्हणजे झीज थांबली असं नाही.

ऑइलचं पहिलं काम वाहणं. जाड ऑइल अरुंद वाटांतून सावकाश जातं, त्यामुळे थंड इंजिनात वरच्या रॉकरला आणि कॅमला ते उशिरा मिळतं. प्रेशर गेज असलेल्या गाडीत काटा वर चढलेला बघून बरं वाटतं. प्रेशर हा वाटेतल्या विरोधाचा आकडा आहे. ऑइल किती पोचलं हे तो सांगत नाही. जाड ऑइल घातल्यावर काटा वर आणि प्रवाह कमी, असंही होऊ शकतं.

धूर मारणाऱ्या गाडीचं आधी निदान करा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना धुराचा लोट येतो आणि मग थांबतो, तर संशय व्हॉल्व्ह गाईड आणि व्हॉल्व्ह सीलवर. थ्रॉटल पिळून चढण चढताना सतत निळा धूर येतो, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर आणि बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. सील बदलणं तुलनेने छोटं काम आहे, आणि ते केल्यावर जाड ऑइलची गरजच संपते. माझं मत स्पष्ट आहे: मॅन्युअलच्या कमाल ग्रेडपर्यंत जरूर जा, त्यापलीकडे गेलात तर दुरुस्ती पुढे ढकलताय एवढंच.

## एसएफ मिळत नाही, मग एसपी चालेल का?

एपीआय ही अमेरिकन पेट्रोलियम संस्था. एस म्हणजे पेट्रोल इंजिन, आणि त्यापुढचं अक्षर बहुतांशी पिढीचा क्रम दाखवतं. एसए मध्ये रसायनं जवळजवळ नाहीतच. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांत ते वापरू नका, असं एपीआय स्वतःच सांगते. एसएफ १९८० च्या दशकातलं, एसजी त्याच दशकाच्या अखेरचं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. साधा नियम असा, की नव्या अक्षराचं ऑइल जुन्या अक्षराची जागा घेऊ शकतं. गाळ धरू न देणं, उष्णतेत न जळणं, आम्ल मारणं या सगळ्यांत नवी ऑइलं जुन्यांपेक्षा खूप पुढे आहेत. एसएफ मिळत नाही याचं दुःख करायचं कारण नाही.

मात्र जुन्या मोटारसायकलसाठी या नियमाला एक उपनियम लागतो. झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं एक रसायन १९४० च्या दशकापासून ऑइलमध्ये घातलं जातं. जिथे धातू धातूवर जोराने घासतो, तिथे ते एक पातळ, त्यागी थर तयार करतं. हा थर झिजतो आणि धातू वाचतो. कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, सपाट टॅपेट किंवा रॉकरचा पाय घासत जातो, अशी रचना जुन्या इंजिनांत सर्रास असते. तिथे या थराची नितांत गरज आहे.

पुढे गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आलं. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून कारसाठीच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसवर मर्यादा घातली गेली. एसएम पासून पुढे ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा ग्रेडना ती मर्यादा ०.०८ टक्के आहे. जुन्या एअर-कूल्ड इंजिनात लागणाऱ्या २०डब्ल्यू-५० सारख्या ग्रेडना ही कमाल मर्यादा लागू नाही. तरी एपीआयच्या अक्षरावरून आपल्या कॅमला पुरेसा फॉस्फरस मिळेल याची हमी मिळत नाही. ती हमी दुसऱ्याच एका शिक्क्यात आहे.

## जासो एमए कशाला बघायचं?

१९९० च्या दशकात कारच्या ऑइलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी खास रसायनं वाढली. कारला त्याने फायदा झाला. मोटारसायकलच्या वेट क्लचमध्ये तीच रसायनं प्लेटांवर बसली आणि क्लच स्लिप मारू लागले. एपीआयच्या परीक्षेत क्लच हा विषयच नव्हता, कारण ती कारची परीक्षा आहे. मग जपानी मोटार मानक संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ साली फोर-स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी टी९०३ हे मानक आणलं.

या मानकात ऑइलमध्ये बुडवलेल्या क्लच प्लेटा प्रत्यक्ष यंत्रावर फिरवून बघतात. फिरताना पकड किती, थांबलेली असताना पकड किती, आणि थांबायला वेळ किती, या तीन गोष्टी मोजल्या जातात. चांगली पकड देणारी ऑइलं एमए, कमी घर्षणाची एमबी. एमबी हे बेल्टवर चालणाऱ्या, कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी असतं. २००६ मध्ये एमएचे दोन भाग झाले: एमए१ आणि एमए२. एमए२ ची पकड जास्त.

जुन्या गाडीच्या दृष्टीने याच मानकाचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. या मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के यांच्यामध्ये असावा लागतो. म्हणजे वरची मर्यादा आहे, तशी खालचीही आहे. कॅमला लागणारं संरक्षण त्यात गृहीत धरलेलं आहे. शिवाय जोराने पिळल्यावर घट्टपणा किती टिकतो, याचीही चाचणी होते.

तेव्हा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलावर चालणाऱ्या गाडीसाठी डब्यावर आधी मॅन्युअलची ग्रेड बघा, मग जासो एमए किंवा एमए२, आणि एपीआयचं अक्षर एसजी किंवा त्यापुढचं कोणतंही. ब्रँड कोणता, हा प्रश्न यानंतरचा.

एमए असलं तर एमए२ घ्यायलाच हवं, असं नाही. क्लच नीट पकडत असेल, तर एमए पुरे. प्लेटा जुन्या असतील, स्प्रिंग थोड्या दमल्या असतील, तर एमए२ घ्यावं.

## कारचं किंवा डिझेलचं ऑइल घातलं तर?

क्लच कोरडा आणि गिअरबॉक्स अलग असेल, तर योग्य ग्रेडचं कारचं ऑइल चालतं. तिथे त्याला क्लच किंवा गिअर सांभाळायचे नसतात. वेट क्लच असेल, तर एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ किंवा जुन्या डब्यांवर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ असं छापलं आहे का ते बघा. असेल तर ते ऑइल दूर ठेवा.

डिझेल इंजिनाच्या १५डब्ल्यू-४० ऑइलचा वापर जुन्या गाड्यांचे मालक अनेक वर्षं करत आले आहेत. त्यामागे तर्कही आहे: त्यात स्वच्छ करणारी रसायनं भरपूर आणि घर्षण कमी करणारी खास रसायनं सहसा नसतात. काही डिझेल ऑइलांवर जासो एमए हा शिक्काही असतो. ती निर्धास्त वापरा. शिक्का नसेल, तर क्लचवर त्याचा काय परिणाम होईल हे कुणीही तपासलेलं नाही, आणि तो प्रयोग आपल्या प्लेटांवर करायचं काही कारण मला दिसत नाही.

क्लच स्लिप मारतो की नाही, हे ओळखणं सोपं आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, मध्यम वेगात, थ्रॉटल एकदम उघडा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. चुकीच्या ऑइलमुळे असं झालं असेल, तर लगेच ऑइल बदला. अनेकदा एक-दोन बदलांत प्लेटा सावरतात. नाही सावरल्या, तर त्या बदलाव्या लागतात.

याच कारणासाठी वेट क्लचच्या गाडीत बाटलीतलं मॉलिब्डेनम किंवा टेफ्लॉनचं पूरक द्रव्य घालू नये. ऑइल बनवणाऱ्याने प्रत्येक रसायनाचं प्रमाण दुसऱ्याशी जुळवून घेतलेलं असतं. वरून घातलेलं द्रव्य तो तोल बिघडवतं.

## जुन्या इंजिनाला मिनरलच हवं, हे खरं का?

अर्धवट खरं आहे, आणि ती अर्धी बाजू समजून घेण्यासारखी आहे.

या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली, ऑइलचा पाया कोणता: कच्च्या तेलापासून साध्या शुद्धीकरणाने काढलेला (मिनरल), की रासायनिक प्रक्रियेने घडवलेला (सिंथेटिक). दुसरी, त्यात मळ धुणारी रसायनं आहेत की नाहीत. या रसायनांना डिटर्जंट म्हणतात. आजचं जवळजवळ प्रत्येक इंजिन ऑइल, मग ते मिनरल असो वा सिंथेटिक, डिटर्जंट असलेलंच असतं.

फार जुन्या इंजिनांत कागदी फिल्टर नव्हता. एक जाळी असायची, आणि ती मोठे कण अडवायची. बारीक मळ तळाशी बसावा, अशीच त्या काळच्या ऑइलची अपेक्षा असे. ट्रायम्फ आणि बीएसएच्या ट्विन गाड्यांच्या क्रँकमध्ये त्यासाठी खास पोकळी असे, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. फिरणाऱ्या क्रँकच्या जोराने जड कण तिथे फेकले जाऊन साठत. होंडाच्या १९६० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत आणि पुढच्या कितीतरी छोट्या गाड्यांत क्रँकच्या टोकाला फिरकीसारखा फिल्टर असतो, तोही याच तत्त्वावर चालतो.

आता अशा इंजिनात वर्षानुवर्षं डिटर्जंट नसलेलं ऑइल चाललं असेल, तर त्याची अवस्था कधीच न धुतलेल्या पाण्याच्या टाकीसारखी असते. तळाशी गाळ असतो, पण ढवळला नाही तोवर वरचं पाणी स्वच्छ दिसतं. डिटर्जंटचं ऑइल तो गाळ सोडवून वर आणतं. फिल्टर असेल तर तो पकडतो. नसेल तर मळ ऑइलबरोबर फिरतो आणि एखादी बारीक वाट तुंबवू शकतो. ‘जुन्याला जुनंच घाल’ या सल्ल्याचा उगम इथे आहे, आणि न उघडलेल्या, इतिहास माहीत नसलेल्या, फिल्टर नसलेल्या इंजिनासाठी तो सल्ला मी आजही मानतो.

इंजिन उघडून क्रँक आणि स्लज ट्रॅप साफ केला असेल, तर चित्र बदलतं. मग आधुनिक मल्टिग्रेड, म्हणजे २०डब्ल्यू-५० सारखं दोन आकड्यांचं, ऑइल घाला, फक्त जाळीच्या गाडीत ते लवकर लवकर बदला. ऑइलात तरंगणारा मळ बाहेर काढायचा तेवढाच एक मार्ग आहे. प्रत्येक बदलाला जाळी काढून रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवा, आणि फिरकीचा फिल्टर असेल तर मॅन्युअलप्रमाणे उघडून आतला चिकट थर खरवडून काढा. हा थर कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं तसाच सापडतो, कारण त्यासाठी क्लचच्या बाजूचं झाकण काढावं लागतं आणि ते कुणी काढत नाही.

१९७० च्या दशकानंतरच्या, कागदी फिल्टर किंवा फिरकीचा फिल्टर असलेल्या आणि नेहमी बऱ्या ऑइलवर चाललेल्या गाडीला मिनरलचं बंधन नाही. सेमी-सिंथेटिक किंवा सिंथेटिक, ग्रेड आणि जासो शिक्का जुळत असेल तर चालतं. सिंथेटिकचे दोन फायदे जुन्या गाडीला खरोखर मिळतात. उष्णतेत ते उशिरा बिघडतं. आणि थंडीत-गरमीत घट्टपणा सांभाळायला त्याला कमी पॉलिमर लागतं. हे पॉलिमर म्हणजे मल्टिग्रेड ऑइलात घातलेल्या लांब साखळ्या, आणि गिअरचे दात त्या साखळ्या तोडतात. म्हणून गिअर आणि इंजिन एकत्र असलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ५० राहत नाही. गिअर कडक पडायला लागले, न्यूट्रल सापडेना झालं, की ऑइल दमलं असं समजावं. रंगापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे.

बोअर करून नवा पिस्टन बसवला असेल, तर पहिले काही शे किलोमीटर मी साधं मिनरलच घालीन. नव्या रिंगा बोअरवर घासून बसायला हव्यात, आणि त्या काळात ऑइल कमी अंतरावर बदलावंही लागतं.

## सिंथेटिकने ऑइल गळायला लागतं?

सुरुवातीच्या काळातल्या काही सिंथेटिक ऑइलांनी रबरी सील आकसत असत, त्यावरून ही भीती आली. आता सील नीट राहावेत म्हणून त्यात एस्टरसारखे घटक मिसळलेले असतात. तरी जुन्या गाडीत नवं ऑइल घातल्यावर गळती सुरू झाल्याचा अनुभव खोटा नसतो. कडक झालेल्या सीलच्या फटीत मळ बसून ती बुजलेली असते. चांगलं ऑइल तो मळ धुतं आणि फट उघडी पडते. सील आधीच गेलेला होता, तो बदलावा. कॉर्कची पॅकिंगं असलेल्या फार जुन्या गाडीत थोडं पाझरणं चालायचंच.

## वेगळ्या गिअरबॉक्सचं काय?

ज्या गाडीचा गिअरबॉक्स अलग आहे, तिला मॅन्युअलमध्ये गिअर ऑइल सांगितलेलं असू शकतं. तिथे जीएल-४ आणि जीएल-५ या श्रेणी दिसतात. मोठा आकडा म्हणजे चांगलं ऑइल, असं इथे होत नाही. जीएल-५ मधली गंधक आणि फॉस्फरसची तीव्र रसायनं पितळ आणि ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात, आणि जुन्या गिअरबॉक्समध्ये असे बुश बहुधा असतात. मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल, तर जीएल-४ घ्या. क्लच केस अलग आणि क्लच भिजलेला असेल, तर तिथे गिअर ऑइल घालू नका. तिथे पुन्हा जासो एमएचं ऑइल.

## बदलायचं कधी?

काळं झालं म्हणजे खराब झालं, असं नाही. डिटर्जंट आपलं काम करतंय, मळ पोटात धरून ठेवतंय, म्हणून ते काळं दिसतं. उलट झाकणाखाली दुधाळ, पांढरट फेस दिसला तर काळजी करा, कारण आत पाणी साठतंय. छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेली वाफ बाहेर पडत नाही, आणि ऑइलात पाणी आणि थोडं पेट्रोल साठत राहतं. त्यातून आम्ल तयार होतं. म्हणून जुन्या गाडीसाठी किलोमीटरइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं आहे. मॅन्युअलमधलं अंतर ही कमाल मर्यादा धरा. गाडी तेवढी चालली नसली, तरी वर्षातून एकदा ऑइल बदला, आणि गाडी काही महिने उभी करून ठेवणार असाल तर उभी करण्याच्या आधी बदला. बेअरिंग जुन्या आम्लात मुरत ठेवण्यापेक्षा ताज्या ऑइलात ठेवलेली बरी.

ऑइल कमी झालं आणि तोच ब्रँड जवळ नसेल, तर त्याच ग्रेडचं, जासो शिक्का असलेलं दुसरं ऑइल भरा. एपीआयच्या कसोटीतून गेलेली ऑइलं एकमेकांत मिसळू शकतात, अशीच त्यांची अट असते. कमी ऑइलवर चालवलेली गाडी मिसळलेल्या ऑइलपेक्षा कितीतरी लवकर मरते.

पातळी मोजताना गाडी मेन स्टँडवर सरळ हवी, आणि डिपस्टिक आटे फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअलमध्ये पाहा. त्या एका गोष्टीने बराच फरक पडतो. ऑइलची टाकी वेगळी असलेल्या गाड्यांमध्ये आणखी एक काळजी घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहिली, की टाकीतलं ऑइल झिजलेल्या पंपातून झिरपत खाली चेंबरमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते आणि माणूस वरून भर घालतो. मग इंजिन सुरू झालं, की खालचं सगळं ऑइल परत वर येऊन टाकी उतू जाते, नाहीतर दाबाने सील फुटतात. खूप ऑइल उतरलं असेल, तर खालचा बोल्ट उघडून ते आधी काढून घ्या, स्वच्छ असेल तर टाकीत परत ओता, इंजिन काही मिनिटं चालवा, आणि मगच मोजा.